आधी बघू द्या, मग कापू द्या



संमेलनाचं अध्यक्षपद आपण कसं नाइलाजाने स्वीकारलं, हे सांगून भाषण सुरू करायची आपल्याकडे रीत आहे. मी मात्र विचारणा झाल्याबरोबर होकार दिला. विषयपत्रिकेवर ‘नवशिक्यांसाठी एआयवर चालणारं व्हिडिओ संकलनाचं साधन’ असं दिसलं आणि बोलल्यावाचून राहवेना. माझं म्हणणं इथल्या निम्म्या लोकांना पटणार नाही. उरलेल्या निम्म्यांना ते का पटलं, याचीही मला थोडी काळजी आहे.

हा विषय वसईत निघावा हे योग्यच आहे. नायगाव पूर्वेला मालिकांचे सेट उभे आहेत. चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेल्या किल्ल्यात आता प्री-वेडिंगवाले एकाच कमानीसाठी खोळंबून बसतात. आणि नालासोपाऱ्यापासून विरारपर्यंत गाळ्यागाळ्यांत, कधी घरातल्याच एका कोपऱ्यात, लग्नाच्या चित्रणाचं मिक्सिंग, म्हणजे संकलन, करणारी मुलं रात्र जागवतात. दोन व्हीसीआर, मधे मिक्सर, आणि प्ले-पॉज-रेकॉर्डवर बोटं ठेवून ज्यांनी शेकड्यांनी लग्नं लावली, ती ज्येष्ठ मंडळी आज पहिल्या रांगेत आहेत. टेपच्या काळात मधलाच एखादा कट दोन सेकंदांनी वाढवायचा झाला, तर तिथून पुढचं सगळं पुन्हा उतरवावं लागे. मग संगणक आला, एडियस, प्रीमिअर ही संकलनाची सॉफ्टवेअरं आली, पुढे सगळं फोनवर आलं. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालं, आता कुणालाही जमेल.

साधनं स्वस्त झाली हे खरं. पण त्याबरोबर चित्रणाचा ढीगही वाढला. सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर तासाभराच्या चित्रणात ९०,००० चौकटी होतात. पूर्वी कॅसेट महाग होती, म्हणून बटण दाबण्याआधी माणूस विचार करायचा. आता विचार नंतरसाठी राखून ठेवला जातो, आणि तो नंतर होतच नाही. साधन बनवणाऱ्यांचा समज असा की नवशिका बटणांना घाबरतो. बटणं आजची मुलं दोन दिवसांत शिकतात. ती घाबरतात ती ढिगाला. काय ठेवावं हे कळत नाही, म्हणून सगळंच पडून राहतं आणि शेवटी फोन भरला की उडवलं जातं.

समजा, आगाशीतल्या एका बाईंनी सुकेळी कशी करतात हे फोनवर टिपलं. राजेळी केळी सोलून उन्हात घातली, उलटली, संध्याकाळी उचलून ठेवली. असं काही दिवस चाललं. चित्रण झालं दोन तासांचं. त्यात ‘आता चालू झालं का गं?’ आहे, एकच वाक्य तीनदा म्हटलेलं आहे, मधे रिक्षाचा हॉर्न आहे, शेजारणीशी झालेलं बोलणं आहे. आज बाजारात असलेल्या ‘एक बटण दाबा’ छापाच्या साधनाला हे दिलं, तर ते काय करील? हसरे चेहरे शोधील, मोठा आवाज शोधील, हालचाल शोधील, गाण्याच्या ठेक्यावर तुकडे बसवील. तीस सेकंदांत सुकेळी तयार! आणि ती दिसेल कशी? काल पाहिलेल्या मोमोच्या व्हिडिओसारखी.

त्या दोन तासांत एक जागा अशी असते की बाई काहीच बोलत नाहीत. केळं दोन बोटांत धरतात, किंचित दाबतात, उन्हाकडे बघतात आणि मग म्हणतात, ‘अजून दोन उन्हं लागतील.’ तो सगळा व्हिडिओ या चार सेकंदांसाठी आहे. कारण कृती पुस्तकात मिळते; केळं झालं की नाही हे बोटाला कसं कळतं, ते फक्त इथे दिसतं. शांतता कापणारी यंत्रणा नेमकी हीच जागा उडवते. ती आवाजाची पातळी मोजते. ठरवलेल्या रेषेच्या खाली ठरवलेला वेळ आवाज गेला की तो भाग ‘रिकामा’. चित्रात त्या वेळी काय चाललंय, याच्याशी तिचा संबंध नसतो. उलटही घडतं. बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून बनवलेलं गोंगाट-सफाईचं साधन वरातीतल्या ब्रास बँडलाही गोंगाट समजतं. वसईच्या लग्नातून बँड काढलात, तर मागे जेवणाच्या पंगती तेवढ्या उरतील.

संकलनात वेळ कापण्यात जातो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक उदाहरण. वॉल्टर मर्च हे जगभर मानले गेलेले संकलक. १९७९च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’वर त्यांनी इतरांबरोबर काम केलं. सुमारे साडेबारा लाख फूट फिल्म, म्हणजे २३० तासांहून जास्त चित्रण. मर्च यांनी नंतर हिशेब मांडला, तर दर संकलकामागे दिवसाला दीड कटसुद्धा पडत नव्हता. उरलेला दिवस बघण्यात, लावून पाहण्यात आणि मोडण्यात जात होता. कट कुठे घ्यावा यासाठी त्यांनी सहा कसोट्या सांगितल्या आणि गमतीने त्यांना टक्केही दिले. भावनेला ५१, गोष्टीला २३, लयीला १०, आणि बाकीचे प्रेक्षकाच्या नजरेचा माग, पडद्याचं प्रतल आणि दृश्यातला अवकाश यांना मिळून १६. आजची यंत्रं ज्या गोष्टी बिनचूक मोजू शकतात, त्या बहुतेक या शेवटच्या सोळांत येतात. लयीतही ती हळूहळू शिरली आहेत. माझं भांडण यंत्राशी नाही. सोळांत पास झालेल्याला शंभर गुण देणाऱ्या जाहिरातीशी आहे.

मग नवशिक्याला द्यायचं काय? इथे मला दादासाहेब फाळके आठवतात. भांडवल देणाऱ्याला पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत त्याची वाढ पडद्यावर दाखवली. ‘राजा हरिश्चंद्र’ आला १९१३च्या मे महिन्यात. त्याच्या फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, ही कामं सरस्वतीबाई फाळके करत होत्या. घरातला स्वयंपाक सांभाळून, रात्री, अंधारात. त्यांच्या हाती कुणी एक बटण दिलं नव्हतं. काम दाखवलं आणि हात बसला. पुढे १९१७ साली फाळक्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट काढला. धंद्यातलं गुपित जपावं असा काळ होता, आणि हा गृहस्थ सगळं उघडून दाखवत होता. नवशिक्यांसाठीचं आपल्याकडचं पहिलं साधन मी त्यालाच म्हणेन.

विषयपत्रिकेवरचं आपलं साधन त्या वाटेने जावं असं माझं म्हणणं आहे. त्याने आधी दाखवावं. आगाशीच्या त्या बाईंच्या दोन तासांच्या चित्रणाचे शॉट वेगळे करावेत. ते यंत्राला उत्तम जमतं. तीनदा म्हटलेलं वाक्य शेजारी शेजारी मांडावं, निवड बाईंना करू द्यावी. बोललेलं सगळं लिहून द्यावं, म्हणजे त्या आपलंच बोलणं वाचतील आणि नको ते वाक्य खोडतील. वाक्य खोडलं की त्यामागचं चित्र जाईल. हे तंत्र नवं नाही. डिस्क्रिप्ट या संकलनाच्या साधनाने ते लोकप्रिय केलं, २०२३मध्ये प्रीमिअरमध्येही आलं. आणि जिथे आवाज नाही पण हात हलतोय, तिथे साधनाने थांबून विचारावं: इथे काही आहे, ठेवायचं का? प्रत्येक सुचवणीखाली कारण मराठीत असावं. ‘चित्र हललेलं आहे.’ ‘हे आधी येऊन गेलं आहे.’ कारण वाचून नकार देता येतो आणि नकार देता देताच माणूस संकलक होतो. मूळ चित्रणाला धक्का लागता कामा नये, हे तर सांगायलाच नको.

अडचण आहे ती लिहून देण्यात. ओपनएआयने सप्टेंबर २०२२मध्ये बोललेलं लिहून देणारं व्हिस्पर हे प्रारूप खुलं केलं, ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलेलं. आकडा ऐकून छाती दडपते. पण त्यांच्याच निबंधातला तक्ता पाहिला, तर मराठी आवाज आणि त्याचं मराठी लेखन अशी जोडी एक तासही भरत नाही. नंतर ‘भाषिणी’ या सरकारी उपक्रमाच्या आणि आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या गटाच्या कामामुळे परिस्थिती सुधारली, त्याबद्दल त्यांचे आभार. पण ती सुधारणा मुख्यतः प्रमाण मराठीची. आपल्या बाई कुपारी समाजातल्या असतील तर कादोडी बोलीत बोलणार. शेजारची वाडवळी बोलेल, पाचूबंदरची कोळी, डोंगराकडची वारली. आज यंत्र यांतल्या बऱ्याच शब्दांना हिंदी समजून पुढे जातं. ज्यांच्यासाठी साधन, त्यांचंच बोलणं त्याला कळत नसेल, तर ‘नवशिक्यांसाठी’ ही पाटी काढून टाकावी.

दुसरी गोष्ट, हे साधन फोनवरच चालायला हवं. फोर-केचं चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या दराने झालं, तर तासाला ४५ जीबी होतं. घरच्या इंटरनेट जोडणीवर वर चढवण्याचा वेग १० मेगाबिट मिळाला, तरी तेवढ्याला दहा तास लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळ जाते, ते मी तुम्हाला सांगायला नको. फोनवर छोटी, हलक्या दर्जाची प्रत बनवून त्यावर निर्णय घ्यायचे आणि शेवटी मूळ चित्रणावर कट बसवायचे, ही पद्धत आपल्या मिक्सिंगवाल्यांना प्रॉक्सी म्हणून ठाऊक आहे. साधन परदेशी सर्व्हरवर अवलंबून ठेवू नये, याला आणखी एक कारण. २९ जून २०२० रोजी भारतात ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आली, तेव्हा त्यात टिकटॉक होतंच, पण व्हिवा व्हिडिओसारखं संकलनाचं अ‍ॅपही होतं. बंदीचं बरंवाईट मी बोलत नाही. एका रात्रीत आपली कात्री दुसऱ्याच्या निर्णयाने जाऊ शकते, एवढं लक्षात ठेवावं.

आता मिक्सिंगवाल्या मुलांकडे वळतो. त्यांच्याशी गोड बोलून चालणार नाही. आवाज-चित्र जुळवणं, चित्रण लावून ठेवणं, खाली अक्षरं टाकणं ही कामं यंत्र घेईल आणि त्यांचे दर पडतील. उरेल ते नात्यांचं काम. यंत्राला मंडपातले दोनशे चेहरे ओळखता येतील. त्यातला मामा कोण, आणि अंतरपाट दूर व्हायच्या आधी नवरीने कुणाकडे पाहिलं, हे तुम्हाला कळतं. साधनाला शिकवायला तुमचे निर्णय लागतील. ते फुकट देऊ नका. त्याच वेळी एक कडक गोष्ट सांगतो: तुमच्या कपाटातल्या हार्डडिस्कमधली लग्नं तुमची नाहीत, त्या घरांची आहेत. यंत्राला शिकवण्यासाठी त्यांतली एक चौकट जरी द्यायची झाली, तरी त्या घरी जाऊन विचारा. नाही म्हणाले, तर विषय संपला.

संमेलनाने ठराव करावेत असा आग्रह संयोजकांचा आहे. मला ठरावांपेक्षा ध्वनिमुद्रण हवं आहे. जेवणानंतर मागच्या खोलीत कोड लिहिणारी तरुण मंडळी त्यांचं कच्चं साधन मांडून बसणार आहेत. कादोडी, वाडवळी, कोळी, वारली बोलणाऱ्यांनी तिथे आवाज मुद्रित करायला जावं; संमतीचा अर्ज मराठीत आहे, आवाज कुठे वापरणार हे त्यात लिहिलं आहे, आणि नंतर तो काढून घेण्याची सोयही आहे. बाकीच्यांनी आपल्या फोनमधलं एखादं न कापलेलं, कंटाळवाणं, लांबलचक चित्रण बरोबर न्यावं. साधन कुठे चुकतं ते त्यांना बघू द्या. फोन मात्र आधीच चार्ज करून न्या, त्या खोलीत प्लगच्या जागा दोनच आहेत.