गावातला विद्यार्थी, गावाबाहेरची परीक्षा



ईश्वरविज्ञानाच्या ऑनलाइन शिक्षणावरची परिषद वाशीमला भरते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. अशा चर्चा पुण्यात होतात, बेंगळूरूला होतात. ज्यांच्यासाठी हे शिक्षण ऑनलाइन झाले ते विद्यार्थी मात्र रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरूळपीर या तालुक्यांतल्या गावांत राहतात. ते पेरणी करतात, शाळेत शिकवतात, दवाखान्यात रात्रपाळी करतात आणि रविवारी मंडळीपुढे उभे राहतात. आपला विषय आहे त्यांच्या शिकण्याचे मूल्यमापन. त्याबद्दल माझे एकच म्हणणे आहे. ऑनलाइन शिक्षणाने विद्यार्थ्याला त्याच्या गावात राहू दिले, पण परीक्षा आपण गावाबाहेरच ठेवली. ती गावात आणली पाहिजे.

आपल्या शेजारच्या यवतमाळला १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. तिने घडवलेल्या सेवकांचे ऋण आपल्या मंडळ्यांवर मोठे आहे. तरी निवासी सेमिनरी म्हटली की तरुणाने तीन-चार वर्षे घर सोडायचे, हे ठरलेले. ज्याच्यावर शेत आणि म्हातारे आईवडील आहेत, त्याने काय करायचे? हाच प्रश्न १९६३ मध्ये ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीपुढे होता. तिथल्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना बोलावून घेण्याऐवजी सेमिनरीच त्यांच्यापर्यंत न्यायची ठरवली. घरी अभ्यास, आठवड्यातून एकदा जवळच्या केंद्रावर चर्चा आणि उरलेले दिवस आपल्याच मंडळीत सेवा. विस्तार-शिक्षणाची ही पद्धत भारतात आली आणि तिच्यासाठी १९७१ मध्ये बेंगळूरूला टॅफ्टी ही संस्था उभी राहिली. आजचे ऑनलाइन शिक्षण त्याच वाटेवरचे आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीने ते घाईघाईने सगळ्यांच्या गळ्यात पडले आणि त्या घाईत विस्तार-शिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग, म्हणजे शिकलेले लगेच सेवेत वापरून पाहणे आणि त्यावर गटात बोलणे, मागे राहिला. व्याख्यान फोनवर आले, प्रश्नपत्रिका गूगल फॉर्मवर आली. प्रश्न जुनेच राहिले.

आता एक प्रश्न बघा, असा प्रश्न आपण सर्वांनी कधी ना कधी काढलेला आहे: ‘दुःखाच्या समस्येविषयी ईयोबाच्या पुस्तकाची भूमिका स्पष्ट करा. गुण पंधरा.’ प्रश्नात चूक काही नाही. पण शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी पॅकेज दिले, त्यांत वाशीम होता. शेतकऱ्याने जीवन संपवलेल्या घरात पाळकाला जावे लागते. दफनविधी कसा करायचा, यावर मंडळीतले वडीलधारे दोन बाजूंना उभे असतात. विधवा एकच विचारते, माझा माणूस देवाला पारखा झाला का? ईयोबाचे पुस्तक समजले की नाही, हे तिथे कळते. मित्र सात दिवस मुकाट्याने जमिनीवर बसले तोवर त्यांनी ईयोबाला साथ दिली, आणि बोलायला लागल्यावर देवाविषयी नको ते बोलून बसले, हे वर्गात सगळे लिहितात. त्या घरात किती वेळ गप्प बसायचे, हे त्यावरून ज्याला उमगले तो ते पुस्तक शिकला. मग विद्यार्थ्याला आपण असे का विचारू नये: अशा प्रसंगी कोणता शास्त्रपाठ घेतला? का घेतला? मनात येऊनही काय बोलला नाहीस? का? या चार प्रश्नांत भाष्य, सिद्धांत आणि पाळकीय सेवा या तिन्ही विषयांची परीक्षा होते. आणि ती कोऱ्या कागदावरच्या उत्तरापेक्षा कठीण आहे.

कुणी म्हणेल, हे आदर्शवादी आहे. तसे नाही. याच वाशीमात, रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलच्या आवारात, मिशनरी डॉ. ऑर्फा स्पायकर यांच्या काळापासून परिचारिका घडल्या. परिचारिकेचा लेखी पेपर असतोच, पण केवळ तेवढ्यावर तिला रुग्णाजवळ कुणी एकटीला सोडत नाही. ती इंजेक्शन कसे देते, घाबरलेल्या आईशी कशी बोलते, नोंद नीट ठेवते का, हे रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून बघतात. शरीराची काळजी घेणाऱ्यांना आपण एवढे पारखून घेतो. आत्म्याची काळजी सोपवतो त्यांना मात्र बहुपर्यायी प्रश्नांवर उत्तीर्ण करतो, याची मला खंत वाटते.

पवित्र शास्त्रात मूल्यमापनाचा एक प्रसंग आहे आणि तो मला आपल्या सर्व नियमावल्यांपेक्षा शहाणा वाटतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अपुल्लोस नावाचा विद्वान वक्ता इफिसास येतो. शास्त्रात तो निष्णात आहे, पण त्याला बाप्तिस्मा ठाऊक आहे तो योहानाचाच. प्रिस्किल्ला आणि अक्विला त्याला सभास्थानात प्रत्यक्ष बोलताना ऐकतात. चुकीबद्दल चारचौघांत टोकत नाहीत. त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक अचूक समजावून देतात. त्यानंतर तो अखयास निघतो तेव्हा बंधुजन त्याच्याबद्दल तिथल्या शिष्यांना पत्र लिहितात. आधी ऐकणे, मग एकांतात सुधारणे, आणि शेवटी शिफारस. हा क्रम नीट लक्षात घ्या. आपण शिफारस, म्हणजे प्रमाणपत्र, पहिल्या दोन पायऱ्या गाळून देतो. आणि अपुल्लोसाला पारखणारे ते जोडपे तंबू शिवून पोट भरणारे होते, त्यांतही प्रिस्किल्लेचे नाव आधी आले आहे, हे विसरू नका. परीक्षक होण्यासाठी पदवीच लागते, असे शास्त्र म्हणत नाही.

अशी पारख आपल्याकडेही जुनी आहे. आपल्या जिल्ह्यातच कारंजाला १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन झाला. तिथली जैन ग्रंथभांडारे अभ्यासकांना सुपरिचित आहेत. जैन असो, वैदिक असो, या मातीतल्या धर्मविद्येत गुरूने शिष्याला तोंडी विचारून, ऐकून पारखण्याची रीत मुरलेली आहे. ख्रिस्ती मराठीतही ती होती. तेव्हाच्या अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले आणि तिथल्याच सेमिनरीत रेव्ह. ना. वा. टिळकांनी अध्यापन केले. ज्याला पूर्वरंगात सिद्धांत मांडून उत्तररंगात तो आख्यानातून लोकांच्या गळी उतरवता येतो, त्याला तो सिद्धांत येतो. कृपेच्या सिद्धांतावर दोन हजार शब्दांचा निबंध मागण्याऐवजी वीस मिनिटांचे कीर्तन ध्वनिमुद्रित करून मागितले, तर आपली पातळी खाली येईल का? माझ्या मते ती वर जाईल.

इथे भाषेचा प्रश्न येतो. ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणारे सेरामपूर महाविद्यालय १८१८ सालचे. त्याचे एक संस्थापक विल्यम केरी यांनी त्याच्याही आधी, १८०५ मध्ये, मराठीचे व्याकरण छापले होते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर १९२४ मध्ये पूर्ण छापून निघाले, आणि साध्यासुध्या बायकांना वाचून कळावे म्हणून त्यांनी त्यात सोपी मराठी हट्टाने राखली. एवढा वारसा असून वरच्या वर्गांतले ईश्वरविज्ञान बहुतांशी इंग्रजीतच शिकवले जाते. एका विद्यार्थ्याचे उदाहरण सांगतो. ‘नीतिमान ठरवले जाणे’ या विषयावर त्याला इंग्रजी पेपरात जेमतेम उत्तीर्णतेचे गुण पडले होते. तोच विषय त्याने वऱ्हाडीत, सावकाराच्या वहीतले नाव दुसऱ्याने खोडून घेण्याच्या गोष्टीतून मला फोनवर सांगितला. रोमकरांस पत्राचा तिसरा आणि चौथा अध्याय त्याला पुरता पचला होता. त्याचे इंग्रजी कच्चे होते, आणि आपण त्याचे ईश्वरविज्ञान कच्चे ठरवले. त्याच्या गुणपत्रिकेवर ते आजही तसेच आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर निबंधाचा भरवसाच उरलेला नाही. मिनिटभरात नीटनेटका निबंध तयार होतो, संदर्भांसकट. काही ठिकाणी उपाय म्हणून परीक्षेच्या वेळी कॅमेऱ्याची नजर ठेवली जाते. मला ते पटत नाही. वीज गेली, रेंज गेली की प्रामाणिक विद्यार्थीही संशयित ठरतो, आणि ज्याला उद्या कळपाचा विश्वास सांभाळायचा आहे त्याला आपण अविश्वासाने शिकवतो. त्यापेक्षा त्याच्याशी पंधरा मिनिटे बोला. साठ विद्यार्थी असतील तर पंधरा तास लागतील. साठ निबंध मनापासून तपासायला त्याहून कमी लागत नाहीत. व्हिडिओ चालत नसेल तर साधा फोन चालेल. स्वतः न लिहिलेल्या निबंधावर दुसऱ्या प्रश्नाला माणूस अडखळतो.

पण सगळेच तोंडी करा, असे मी म्हणणार नाही. ग्रीक क्रियापदे, मंडळीच्या इतिहासातला क्रम, निकीयाच्या परिषदेत ३२५ साली वाद नेमका कशावर होता, हे पक्के पाठ हवे आणि त्याला लेखी परीक्षाच बरी. तोंडी परीक्षेत ओळखपाळख आड येते, हेही खरे. म्हणून दोन परीक्षक असावेत, त्यांतला एक विद्यार्थ्याला न ओळखणारा. निकष आधीच मराठीत छापून हाती द्यावेत. ध्वनिमुद्रण जपून ठेवावे.

मंडळीला गुण द्यायला मात्र सांगू नका. आपल्या गावांतली मंडळी म्हणजे बरेचदा चार-पाच कुटुंबांचे गणगोत. तिथे गुण नात्याने पडतील, नाहीतर जुन्या भांडणाने. त्यांना माहिती विचारा. रविवारचा उपदेश झाला की बुधवारी तीन ऐकणाऱ्यांना, एक आजी, एक तरुण आणि एक कर्ता माणूस, एवढेच विचारावे: काय आठवते? उपदेशाचा विषय तिघांनाही सांगता आला नाही, तर विद्यार्थ्याला ते कळू द्या आणि पुन्हा संधी द्या. दुःखाच्या घरात मात्र ध्वनिमुद्रणासाठी फोन सुरू करू नये. तिथले विद्यार्थ्याने नंतर आपल्या शब्दांत, कुणाचे नाव न घेता सांगावे. दुसऱ्याचे अश्रू ही आपली गृहपाठाची सामग्री नव्हे.

आणखी एक गोष्ट मी ठामपणे मांडतो: प्रार्थनेला गुण देऊ नका. ‘आत्मिक वाढ, वीसपैकी’ असा रकाना मी पाहिला आहे. असा रकाना दिसला की विद्यार्थी वीसपैकी वीसची प्रार्थना करायला शिकतो. त्याच्या आत्मिक जीवनाबद्दल त्याच्या मार्गदर्शकाने महिन्यातून एकदा त्याच्याशी मोकळेपणी बोलावे आणि ते बोलणे दोघांतच राहावे.

बहिणींविषयी बोलल्याशिवाय मी थांबू शकत नाही. मिशनच्या काळात बायबल-बाया घरोघर जाऊन शिकवत. त्यांच्या ज्ञानाला कुणी पदवी दिली नाही. आज त्यांच्या लेकी-नाती ऑनलाइन वर्गात येतात, पण घरात फोन एक असतो आणि वर्ग असतो रात्री आठला, स्वयंपाकाच्या वेळी. चाचणीची खिडकी तासाभराची असली तर पहिली सुटते ती त्यांची. विद्यार्थिनी नापास झाली, असे आपण नोंदवतो. तिला फोन मिळाला नव्हता, असे नोंदवायला रकानाच नसतो. शेतकऱ्यांचेही तसेच. सोयाबीनची सोंगणी आणि सत्रपरीक्षा एकाच पंधरवड्यात लावणाऱ्याला हा भाग ठाऊक नाही.

दुपारच्या सत्रात तोंडी परीक्षेच्या मराठी निकषांचा मसुदा तुमच्यापुढे येईल. त्यावर भांडा, दुरुस्त्या सुचवा. पण त्यात दोन कलमे आजच घालावीत, अशी माझी अध्यक्ष म्हणून विनंती आहे. कोणतीही ऑनलाइन चाचणी किमान सात दिवस खुली राहील आणि आवाजी संदेशाने दिलेले उत्तर लेखी उत्तराइतकेच ग्राह्य धरले जाईल, हे पहिले. दुसरे, पेरणीचा जून आणि सोंगणीचा ऑक्टोबर या दोन महिन्यांत विदर्भातल्या विद्यार्थ्यांची सत्रपरीक्षा लावली जाणार नाही.