आधी क्षेम, मग योग



एचआयव्हीवर व्याख्यान म्हटले की रक्त, सुई आणि संयम यांविषयी चार शब्द ऐकण्याची आपली तयारी असते. ते आपण पूर्वी ऐकलेच आहे. आज आम्ही रोगाविषयी थोडे आणि चुलीविषयी अधिक बोलणार आहोत. घरातला मिळवता माणूस या विषाणूने अंथरुणाला खिळला किंवा गेला, तर मागे राहिलेल्या पोरांच्या भाकरीची आणि शाळेची सोय कशी लागावी, हा आमचा प्रश्न आहे.

आपल्या देशात हा विषाणू १९८६ साली मद्रासेत प्रथम आढळला. सरकारी केंद्रांतून औषध मोफत मिळू लागले ते १ एप्रिल २००४ पासून. मधल्या अठरा वर्षांत कित्येक घरांनी आधी शेत विकले आणि मग माणूस गमावला. आज तसे राहिलेले नाही. औषध रोज नेमाने घेणारा माणूस उभा राहतो, कामाला लागतो. गरोदर आईला वेळेवर औषध मिळाले, तर शंभरांतल्या पंचाण्णवांहून अधिक मुलांना लागण होत नाही. तथापि देशातील बाधितांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रातच आहे, सुमारे ४ लक्ष. मूल विषाणूपासून सुटले, म्हणून ते दारिद्र्यापासूनही सुटले असे होत नाही.

आंधळगावात कोशाचा धंदा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मागावर बसतो एक माणूस, पण माग कधी एका माणसाचा नसतो. कोसा उकळायचा, सूत काढायचे, कांड्या भरायच्या, ताणा लावायचा. बायका-म्हाताऱ्यांचे हात त्यात गुंतलेले असतात. आता असे समजा की मागावरचा माणूसच आजारी पडला. अर्धे विणलेले पातळ मागावर तसेच राहते. सूत व्यापाऱ्याचे, म्हणून उचल फिटत नाही. दवाखान्याच्या फेरीला एक रोज बुडतो, सोबत जाणाऱ्याचाही बुडतो. मग थोरली मुलगी कांड्या भरायला घरी राहते. दोन दिवसांपुरती म्हणून राहते आणि वर्ग पुढे निघून जातो.

घर एकदम बुडत नाही, पायरीपायरीने बुडते. आधी शेळी जाते, मग पितळेची भांडी, मग धानाची बांधी, आणि शेवटी माग. शेळी पुन्हा घेता येते. माग आणि बांधी सहसा परत येत नाहीत. म्हणून मदत पोहोचायची तर ती शेळी विकली जात असतानाच पोहोचली पाहिजे. माग गेल्यावर आलेल्या मदतीने फार तर तेरावे पार पडते!

आपल्या भाषेत ‘योगक्षेम’ असा एक नेमका शब्द आहे. नसलेले मिळवणे हा योग, असलेले राखणे हा क्षेम. बुडत्या घराच्या बाबतीत हा क्रम उलटा धरावा लागतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपण उत्साहाच्या भरात विधवेला थेट कर्ज काढून देतो, नाहीतर शिलाईयंत्र. शिलाईयंत्राचा छायाचित्रासाठी मोठा उपयोग होतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण एकाच वस्तीत पाच यंत्रे आणि शिवायला लुगडी-पोलकी दहा, असा हिशेब झाला म्हणजे हप्ता थकतो. ज्या घरात उद्याचे तांदूळ नाहीत, तिथे कर्जाचा पैसा आधी तांदळातच जाणार. त्यात त्या बाईचा काय दोष?

तेव्हा आधी क्षेम. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा आणि एचआयव्हीबाधित दोघांचाही समावेश आहे. २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून अशा घरातील मुलामागे दरमहा २,२५० रुपये, तेही २०२३ पासूनच. दुसरे म्हणजे कागद. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखा. पण सातबाऱ्यावर वारसनोंद झाली नाही, तर तो वाटा कायद्याच्या पुस्तकातच राहतो. मुले अज्ञान असली तरी नाव लागते, पुढे ‘अ. पा. क.’ म्हणून आईचे नाव येते. सासरच्यांनी घराबाहेर काढले, तर २०१७ चा एचआयव्ही प्रतिबंध व नियंत्रण कायदा तिला त्याच घरात राहण्याचा हक्क देतो. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

एवढे स्थिर झाले की मग बचतगटाची लहान शिल्लक, आणि त्यानंतर धंदा. तोही नवा कशाला शोधावा? जे हात सूत जाणतात त्यांना सूतच द्यावे. मांडीवर सूत काढण्याने कातडी सोलते. त्याऐवजी केंद्रीय रेशीम मंडळाचे ‘बुनियाद’ यंत्र आले आहे. यंत्र मिळेलही. पण तिने काढलेले सूत घ्यायचे की नाही, हे गावातला व्यापारी ठरवणार. सुतातून किंवा पातळातून हा विषाणू पसरत नाही, हे वैद्यकाने निःसंशय सिद्ध केले आहे. तरी मालाला हात लावताना तो कचरला, तर यंत्र कोपऱ्यात पडून राहील.

म्हणूनच मदत रोगाच्या नावाने देऊ नये. गावातल्या सर्व एकट्या बायकांची आणि पोरक्या मुलांची एकच यादी करावी. त्यात कोणाचा आजार कोणता, हे कोणी विचारू नये. तो गुप्त राखण्याचे बंधनही याच कायद्याने घातले आहे.

ज्यांना कोणीच नाही अशा मुलांसाठी पंढरपूरची ‘पालवी’ आणि लातूर जिल्ह्यातील हासेगावचे ‘सेवालय’ यांनी मोठे काम उभारले आहे. पण जिथे आई आहे, आजी आहे, मावशी आहे, तिथे मूल घरातच राहावे आणि घराला हात द्यावा. कधी कधी घरात मोठे म्हणून मूलच उरते. बारा वर्षे पूर्ण झालेल्या समंजस भावंडाने घर चालवले असेल, तर धाकट्यांचा पालक म्हणून त्याला २०१७ चा कायदा मान्यता देतो. अशा घराच्या वाट्याला पोलीस पाटील, शिक्षक आणि शेजारीण ही तीनच माणसे येतात.

बालसंगोपनाचा अर्ज भंडाऱ्याला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जातो. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी दाखले जमवायचे, तर हातात वैशाख आणि ज्येष्ठ एवढेच महिने आहेत.