मुलांचे कान आणि आपले

मराठी आईबापांच्या बोलण्यातला बराचसा भाग मुलांच्या कानांभोवती फिरतो, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मूल चुकले की आपण त्याची कानउघाडणी करतो. फारच चुकले तर कान पिळतो. ऐकेनासे झाले की कानीकपाळी ओरडतो. आणि इतके करूनही त्याने दाद दिली नाही, तर कानात बोळे घातले आहेत काय, असे विचारतो. हा शेवटचा प्रश्न आमच्या आजोबांच्या काळी निव्वळ अलंकारिक होता. आज तो अक्षरशः खरा झाला आहे. घरोघरी चौदा-पंधरा वर्षांची मुले कानात खरोखरीचे बोळे घालून वावरत आहेत, त्या बोळ्यांतून गाणे चालू आहे, आणि स्वयंपाकघरातून आईने चौथ्यांदा मारलेली हाक वाया जात आहे.

या प्रकाराविषयी पालकवर्गात मोठा असंतोष आहे, आणि त्या वर्गाचा एक सभासद म्हणून मीही त्यात माझा वाटा उचललेला आहे. परंतु कोणत्याही वस्तूला दोष देण्यापूर्वी ती वस्तू कोठून आली, हे पाहणे बरे असते. म्हणून प्रथम आपण थोडा वेळ जपानात जाऊ.

खिशात किंवा कमरेला बाळगून कानातल्या कानात गाणे ऐकण्याचे जे यंत्र पुढे जगभर ‘वॉकमन’ या नावाने प्रसिद्ध झाले, ते सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीस काढले. किंमत तेहतीस हजार येन. त्यावर ध्वनिमुद्रण करता येत नसे, केवळ कॅसेट ऐकता येई. आणि असले अर्धवट यंत्र घेणार कोण, अशी शंका खुद्द कंपनीतील मंडळींनाच होती. पहिल्या महिन्यात सुमारे तीन हजार नग खपले, तेव्हा ती शंका खरी ठरणार असे दिसले. परंतु ऑगस्ट संपण्याच्या आत पहिले तीस हजार नग संपून गेले. पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे.

या कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनी आपल्या आत्मचरित्रात या यंत्राची जन्मकथा सांगितली आहे. त्यांचे सहकारी मासारू इबुका यांना इतरांस त्रास न देता संगीत ऐकावयाचे होते, पण त्यासाठी बाळगावे लागणारे यंत्र फार जड होते. इबुकांची ही तक्रार ऐकताना मोरितांना आपल्या घरातला एक प्रसंग आठवला. त्यांची मुलगी एकदा प्रवासाहून परत आली, ती आईला भेटण्यापूर्वीच धावत जिना चढून वर गेली आणि तिने आधी आपल्या यंत्रात कॅसेट घातली. तरुण मुलांना संगीतावाचून राहवत नाही, हे बापाने तेथे पाहिले, आणि त्यातून त्याने एक धंदा उभा केला. आपण असतो तर बहुधा एक भाषण केले असते!

गंमत अशी की, मुलगी आईला न भेटता वर निघून गेली, त्या वेळी वॉकमन जन्मासही आलेला नव्हता. मुलांनी जिना चढून वर जाणे हे यंत्राहून जुने आहे.

यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मोरितांनी पहिले यंत्र घरी नेऊन ऐकून पाहिले, तेव्हा त्यांच्या पत्नीला आपण वगळले गेलो असे वाटले व ती नाराज झाली. एकट्यानेच संगीत ऐकत बसणे हे शिष्टाचारास सोडून दिसेल, असे मोरितांच्याही मनात आले. त्यांनी त्या यंत्राला दोन हेडफोन लावण्याची सोय करविली. शिवाय एक नारिंगी कळ बसविण्यात आली. ती दाबली की गाण्याचा आवाज खाली जाई आणि आतल्या लहानशा ध्वनिग्राहकातून दोघा ऐकणाऱ्यांना एकमेकांशी बोलता येई. म्हणजे पहिला वॉकमन दोघांसाठी होता. त्याच्या रचनेतच संभाषणाला जागा राखलेली होती.

ही नारिंगी कळ फार दिवस टिकली नाही. लोकांना हे यंत्र स्वतःपुरते, अगदी खासगी असे हवे होते, हे कंपनीला लवकरच उमगले. पुढच्या नमुन्यांतून कळ गेली आणि कालांतराने दुसऱ्या हेडफोनची जागाही गेली. २००१ साली अ‍ॅपल कंपनीने एक हजार गाणी खिशात मावतील असा ‘आयपॉड’ काढला. त्याच कंपनीने २०१६ साली आपल्या नव्या फोनवरून हेडफोनचे भोकच नाहीसे केले. कॅसेटचा वॉकमन जपानात २०१० साली बंद झाला, आयपॉडची विक्री २०२२ साली थांबली. आता सारे संगीत फोनात शिरले आहे आणि कानातल्या बोळ्याला तारही उरलेली नाही. तार होती तोवर मूल ऐकत आहे की नाही, एवढे तरी आपणास दिसत असे. आता केस कानावर आले की तेही कळत नाही.

वॉकमनची आणि माझी ओळख १९८९ सालची. दुबईस नोकरीला असलेल्या मामाने तो आणला होता. त्या वेळी आमच्या घरात रेडिओ एकच, तो माजघरातल्या फळीवर, आणि त्याची खुंटी फिरविण्याचा अधिकार वडिलांचा. दोन खोल्यांत सहा माणसे. अशा घरात ज्या दिवशी तो हेडफोन मी कानांवर चढविला, त्या दिवशी मला आयुष्यात प्रथमच स्वतःची खोली मिळाली. तिला भिंती नव्हत्या, दार नव्हते; पण ती माझी होती. सेल वाचावेत म्हणून कॅसेट पेन्सिलीवर फिरवून मागे न्यावयाची, संपलेले सेल उन्हात ठेवून पुन्हा एकदा चालवून पाहावयाचे, हे सारे मी त्या खोलीच्या भाड्यादाखल आनंदाने करीत असे. वडील म्हणत, “बोळे काढ कानातले.” मी काढीत असे आणि त्यांची पाठ वळली की पुन्हा घालीत असे. मी काय ऐकतो, हे त्यांनी कधी विचारले नाही, आणि मीही कधी सांगितले नाही. वडील जाऊन आता अकरा वर्षे झाली. आमच्या दोघांत वैर मुळीच नव्हते. तरीही त्या चार-पाच वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललेले एकही वाक्य मला आठवत नाही, त्या एका आज्ञेखेरीज.

तीच आज्ञा गेली दोन वर्षे मी माझ्या मुलीला करीत होतो. ती दहावीला होती. शाळेतून आली की कानात गाणे, अभ्यासाला बसली की गाणे, जेवणाच्या पानावरसुद्धा एका कानात गाणे. एके दिवशी मी रागाच्या भरात तिचे इयरफोन काढून घेतले आणि कपाटात कुलूप लावून ठेवले. माझी अपेक्षा अशी की, कान मोकळे झाले म्हणजे संभाषण आपोआप सुरू होईल. आठ दिवस घर शांत होते. परंतु ती शांतता अशी होती की, नवव्या दिवशी मीच कपाट उघडले.

त्यानंतर काही आठवड्यांनी आम्ही दोघेच मुंबईहून पुण्यास आगगाडीने निघालो होतो. तिच्याजवळ तारेचा जुना इयरफोन होता. कर्जत मागे पडल्यावर, करण्यासारखे दुसरे काही नव्हते म्हणून असेल, मी तिला विचारले, “काय ऐकतेस?” तिने माझ्याकडे संशयाने पाहिले. कारण आजवर हा प्रश्न माझ्या तोंडून दोषारोपाच्याच सुरात निघालेला होता. मग तिने एका कानातला बोळा काढून माझ्यापुढे धरला. तार आखूड, त्यामुळे मला सरकून तिच्याजवळ बसावे लागले. गाणे कोरियन भाषेतले होते. मला त्यातले अक्षर कळले नाही; तिलाही थोडेच कळत होते, असे तिने सांगितले.

खंडाळ्याच्या घाटात बोगद्यांची माळ लागते, हे आपणास ठाऊकच आहे. बोगद्यात शिरले की फोनचा संपर्क तुटे आणि गाणे थांबे. बाहेर आले की पुन्हा सुरू होई. अशाच एका बोगद्याच्या अंधारात, दोघांच्याही कानात बोळे तसेच असताना, ती समोर पाहत म्हणाली, “बाबा, मला अकरावीला शास्त्रशाखा नको आहे. मी तुम्हाला दिवाळीत सांगितले होते.”

मी विचारले, “केव्हा?”

ती म्हणाली, “जेवताना. तुम्ही फोन पाहत होतात. तुम्ही ‘हं’ म्हणालात.”

श्रोतेहो, मधल्या काळात मी एका शिकवणीवर्गात शास्त्रशाखेची दोन वर्षांची फी भरून बसलो होतो. तिचे होकारार्थी उत्तर मी त्या ‘हं’इतकेच गृहीत धरले होते. चार महिने ती मुलगी आपल्या मनातली गोष्ट घेऊन घरात फिरत होती, आणि न ऐकण्याचा आरोप मात्र तिच्यावर होता. माझ्या कानात तर काहीच नव्हते!

पुढे काय झाले, असे आपण विचाराल. तिने कोणती शाखा घेतली हे मी येथे सांगत नाही. ती गोष्ट तिची आहे आणि ती सर्वांसमोर सांगण्याची परवानगी मी तिच्याकडून घेतलेली नाही. लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत आम्ही बोलत होतो, एवढे सांगणे मात्र माझे मला योग्य वाटते. सारे बोलणे गोड नव्हते. फीचा विषय निघाला तेव्हा माझा आवाज चढला आणि समोरच्या बाकावरील गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली करून पाहिले. पण बोलणे झाले.

यावरून मुलांना मोकाट सोडावे असा निष्कर्ष कोणी काढू नये. कानाच्या बाबतीत काही गोष्टी अशा आहेत की, तेथे बापाने बापच राहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ साली जे मानक ठरविले, त्याप्रमाणे प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्यातून चाळीस तासांपलीकडे ऐकू नये; मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे प्रौढांनाही ८३ ला वीस तास आणि ८६ ला दहाच तास. अंतःकर्णातील ध्वनी टिपणाऱ्या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. तसेच रस्ता किंवा रेल्वेचे रूळ ओलांडताना कान मोकळे हवेत, यात तडजोड नाही. पण हा नियम शांतपणे, कारण सांगून घातला, तर मुले तो ऐकतात असा माझा अनुभव आहे. ज्या घरात दिवसातून वीस नियम ओरडून सांगितले जातात, त्या घरात हा एकविसावा नियमही त्याच गोंगाटात बुडून जातो.

जेवणाच्या वेळी कानात काही नसावे, हा नियम आमच्या घरी आता आहे. त्याला मुलीने एक पोटकलम जोडले: हातातही काही नसावे. पहिल्या आठवड्यात या पोटकलमाचा भंग तीन वेळा झाला, आणि तिन्ही वेळा अपराधी मीच होतो.

वयात येणाऱ्या मुलाला स्वतःची एक खोली हवीच असते. शहरातल्या घरात ती बांधून देणे आपणांपैकी बहुतेकांस शक्य नसते, म्हणून ते ती आपल्या कानात बांधते. त्या खोलीचे दार आपण फोडू लागलो, तर ते आतून कडी घालते. बाहेर उभे राहून दार वाजविले, तर कधी उघडते, कधी उघडत नाही. मात्र काही दिवसांनी पुन्हा वाजवावे.

आरंभी मी कानासंबंधीचे पुष्कळ वाक्प्रचार सांगितले. त्यांत बहुतेक ठिकाणी कान मुलाचा आहे आणि हात आपला आहे. एकच वाक्प्रचार मी मुद्दाम मागे ठेवला होता, तो म्हणजे ‘कान देणे’. त्यात कान आपला असतो.

कदाचित आत्ता, हे भाषण चालू असताना, आपल्या घरातील मूल पलीकडच्या खोलीत कानात गाणे घालून बसले असेल. माझे बोलणे येथे संपले आहे, आपले कान आता मोकळे आहेत. ते काय ऐकत आहे, एवढे त्याला विचारून पाहा. “काही नाही” असे उत्तर आले, तर रागावू नका. उद्या पुन्हा विचारा.