हौदा गंजलाय? आधी खालून बघा



खर्ड्याच्या किल्ल्याने १७९५ ची लढाई पाहिली.
त्याचे दगड अजून उभे आहेत.
आपल्या जुन्या पिकअपचा हौदा मात्र पत्र्याचा!

आज कांदा, उद्या युरिया, परवा शेळ्या.
खताचे ओले कण सांध्यात बसतात.
जनावरांचं मूत झिरपतं.
आणि पत्रा आतून खाल्ला जातो.

वरून दिसतो फक्त रंगाचा फुगवटा.
आपण म्हणतो, चालतंय की!
थांबा. आधी खालून बघा.

हौद्याखाली आडवे चॅनेल असतात.
सगळा भार त्यांच्यावर.
त्यांवर हातोडी हलकेच मारा.
आवाज खणखणीत आला, तर चॅनेल शाबूत.
बद्द आवाज आला, तांबडा भुगा पडला, तर चॅनेल गेला समजा.

चॅनेल चांगले असतील, तर गंजका पत्रा कापून नवा जोडा.
गंजावरच ठिगळ लावू नका.
आत गंज चालूच राहतो.
पण चॅनेलच गेले असतील, तर डागडुजीवर पैसे घालू नका.
सरळ नवा हौदा बांधून घ्या.

वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला लावा.
डिझेलची टाकी जवळ आहे, याची कारागिराला आठवण करून द्या.
नंतर रेड ऑक्साइड, मग रंगाचे दोन हात.
खालूनसुद्धा!
नेमकं तेच राहून जातं.

म्हणून पुन्हा सांगतो, गाडी ताब्यात घेतानाही आधी खालून बघा.
आणि हौदा धुतलात, की फाळका उघडा ठेवा.
गाडी जरा उताराला लावा, पाणी निथळू द्या.