तरुण अभियंता आणि जुना कारकून

(देवस्थानच्या वार्षिक उत्सवात महाजनांच्या मुलामुलींच्या गुणगौरव समारंभी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा प्रसंगी एखाद्या प्राध्यापकाला किंवा मोठ्या अधिकाऱ्याला पाचारण करावयाचे सोडून समितीने माझ्यासारख्या निवृत्त कारकुनाला बोलावयास उभे केले, याबद्दल मी समितीचा ऋणी आहे व थोडा संकोचलेलाही आहे. लिसेवच्या खालच्या वर्गांत माझे शिक्षण झाले आणि उभी हयात जन्ममृत्यूच्या नोंदींची बाडे उलटण्यात गेली. आज ज्यांना बक्षिसे मिळाली त्यांपैकी बहुतेकांना अभियंते व्हावयाचे आहे, तेही संगणकाचे, असे मघाशी सूत्रसंचालकांनी सांगितले. संगणक मी शिकलेलो नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात एका तरुण अभियंत्याचा सहवास मला घडला. त्याने जे सांगितले व त्यावरून मला जे आठवले, तेवढेच मी आपणापुढे ठेवणार आहे.

हा तरुण माझ्या पुतण्याचा मुलगा. तो मागच्या रांगेत खांबाला टेकून बसला आहे, म्हणून त्याचे नाव घेत नाही. गोव्यात १९६७ साली सुरू झालेल्या आणि आज फर्मागुडीच्या पठारावर असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याने यंत्र अभियांत्रिकीचा अभ्यास केला. इंजिने, पंप, दंतचक्रे यांत चार वर्षे घालविली आणि नोकरी लागली ती बंगळुरूच्या एका संगणक कंपनीत, जिथे दंतचक्र औषधालाही नाही! पहिल्या दिवसापासून त्याला प्रोग्रॅम लिहिण्याची विद्या नव्याने शिकावी लागली.

“आबा, चार वर्षे शिकलो ते फुकट गेले असे वाटून मी रात्र रात्र जागलो,” असे तो मला म्हणाला. मला हसू आले, कारण ही रात्र मी पूर्वी जागलो होतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा मी लिसेवात होतो. आनंद तर झालाच. पण थोड्याच दिवसांत कळून चुकले, की ज्या भाषेची क्रियापदे घोकून आमच्या घशाला कोरड पडली होती, ती भाषा आता कचेरीच्या दारातून बाहेर चालली आहे आणि इंग्रजीची मुळाक्षरे गिरविणे आमच्या नशिबी आले आहे. पुढे मात्र नवल घडले. जुनी बाडे पोर्तुगीज भाषेतच राहिली, ती वाचणारे कमी होत गेले, आणि जी विद्या बुडाली असे मी समजत होतो तिच्याच बळावर माझी नोकरी पार पडली. त्या मुलाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, संगणकाच्या जगातही असेच आहे. कोबॉल नावाची संगणकाची भाषा १९५९ सालची. ती मेली, मेली असे म्हणता म्हणता २०२० च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या साथीत बेकारांचे अर्ज हाताळणारी जुनी यंत्रणा दमली तेव्हा, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबॉल जाणणारे स्वयंसेवक हवे आहेत असे जाहीरपणे सांगावे लागले.

तेव्हा मुलांनो, शिकलेले जुने होईल याचे भय बाळगू नका. मला आज बोलावयाचे आहे ते वेगळ्याच गोष्टीविषयी.

प्रोग्रॅम म्हणजे काय, असे मी त्याला विचारले. तळीच्या पायऱ्यांवर बसून त्याने मला समजाविले. यंत्राला द्यावयाच्या आज्ञांची ती यादी. अमुक असेल तर हे कर, नसेल तर ते कर. अमुक होईपर्यंत हेच करीत राहा. इतके ऐकून मला वाटले, ही तर आमची कचेरीच झाली! फरक एवढाच, की साहेबाच्या हुकमात एखादा शब्द राहून गेला तर शहाणा कारकून तो मनातल्या मनात भरून घेतो. यंत्र तसे करीत नाही. आपल्या मनात काय होते याच्याशी त्याला कर्तव्य नसते; जे लिहिले तेवढेच ते करते. म्हणून हे काम शिकताना दिवसाचा मोठा भाग नवीन लिहिण्यात जात नाही, आपणच काल लिहिलेल्यातील चूक हुडकण्यात जातो.

त्याचा बंगळुरूचा दिनक्रमही त्याने सांगितला. दोघा मित्रांसह भाड्याची खोली, जाण्यायेण्यात दोन तास, अमेरिकेतील मंडळींशी रात्री उशिरापर्यंत बोलणी, आणि रविवारी हुमण शिजले तर तोच सण. आई फोनवर जेवलास का म्हणून विचारी आणि तो न जेवताच हो म्हणे. पहिल्या वर्षी कामात चूक झाली की तो ती कोणाला न सांगता रात्री एकटाच बसून निस्तरीत असे. एकदा ती निस्तरली नाही, वाढली. तेव्हा त्याच्याहून वरच्या जागेवरील एका बाईंनी त्याला बोलावून घेतले. त्या रागावल्या नाहीत. काय घडले, केव्हा लक्षात आले, का घडले व पुन्हा घडू नये म्हणून काय केले, एवढे एका कागदावर लिहून सर्वांना वाचावयास दे, असे त्यांनी सांगितले. चांगल्या कंपन्यांत हा रिवाजच आहे म्हणतात. त्या टिपणात दोष कोणाच्या माथी मारावयाचा नसतो, घडले ते लपवावयाचेही नसते.

या रिवाजाचा परिणाम आपण सर्वांनी याच देवस्थानात पाहिला आहे. रजेवर आला असता समितीने त्याच्याकडे आपला महाजनांचा कातालॉग संगणकात भरण्याचे काम सोपविले. जुन्या वह्या पोर्तुगीज वळणाच्या, म्हणून वाचावयास मी व लिहावयास तो, असे आम्ही अग्रशाळेच्या खोलीत बसत होतो. एकच नाव दोनदा येऊ नये म्हणून त्याने यंत्राला आज्ञा दिली, की नाव, बापाचे नाव व आडनाव ही तिन्ही जुळली तर ती एकच व्यक्ती समजावी. ऐकावयास हे बिनतोड वाटते. पण आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आहे, हे त्याच्या ध्यानात आले नाही आणि माझ्याही नाही. शंकर विठ्ठल, त्यांचा मुलगा विठ्ठल शंकर आणि त्याचा मुलगा पुन्हा शंकर विठ्ठल! आजोबा व नातू यांची तिन्ही नावे तंतोतंत एक. यंत्राने दोघांना एक मानले आणि आजोबांच्या नावापुढील ‘दिवंगत’ हा शेरा नातवाला लावून टाकला.

त्रैवार्षिक निवडणुकीची यादी फलकावर लागली तेव्हा वास्कोहून आलेल्या एका धडधाकट महाजनाला आपण वारल्याचे वर्तमान कळले. पुष्कळ हसे झाले, थोडा संतापही झाला. समितीतील एका सद्गृहस्थांनी मुलाला सांभाळून घेण्यासाठी म्हटले, “यंत्राचा घोटाळा आहे, होईल दुरुस्त.” तेव्हा हा मुलगा उभा राहून म्हणाला, “यंत्राचा नाही. आज्ञा मी लिहिली, चूक माझी आहे. आणखी किती जणांच्या बाबतीत झाली आहे ते मी उद्या सकाळपर्यंत शोधतो.” रात्रभर आम्ही दोघे बसलो. एकंदर अकरा जिवंत महाजन आम्ही स्वर्गवासी केले होते. सकाळी त्याने त्या अकरा जणांची यादी, चुकीचे कारण व स्वतःची सही असा कागद फलकावर लावला. हरकतींची मुदत शिल्लक होती. कोणाचाही हक्क बुडाला नाही.

त्या रात्री त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी बिघाड झाला. शोधता शोधता आत अडकलेला एक पतंग सापडला. यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची रीत त्याआधीही होती; हा किडा खरोखरीचा निघाला. तेथील मंडळींनी तो फेकून दिला नाही, नोंदवहीच्या पानावर चिकटवून खाली तशी नोंद केली. ती वही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपलेली आहे. दुसरी गोष्ट डोनाल्ड क्नूथ या विद्वानाची. प्रोग्रॅम लिहिण्याच्या शास्त्रावरील त्यांच्या महाग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली निघाला. आपल्या ग्रंथातील चूक जो प्रथम दाखवील त्याला ते दोन डॉलर छप्पन सेंटचा धनादेश पाठवीत. २००८ पासून धनादेशाऐवजी तशा अर्थाचे प्रमाणपत्र पाठवू लागले. मिळालेला धनादेश बँकेत न टाकता चौकटीत घालून भिंतीवर लावणारे पुष्कळ आहेत. आपली चूक दाखविणाऱ्याला पदरचे पैसे देणारा ग्रंथकार मी दुसरा ऐकला नाही.

मीही त्याला एक गोष्ट सांगितली. पोर्तुगीज अमदानीतील दस्तऐवजांत खाडाखोड झाली, ओळीच्या मध्ये एखादा शब्द घालावा लागला, तर तो तसाच ठेवण्याची सोय नव्हती. शेवटी, सह्या होण्यापूर्वी, अमुक ओळीतील अमुक शब्द खोडला आहे, अमुक वर लिहिला आहे, असे स्वच्छ नमूद करावयाचे. त्याला ‘रेसाल्वा’ म्हणत. चूक झालेला दस्त खोटा ठरत नसे. रेसाल्वा न केलेला दस्त मात्र संशयास्पद ठरे. मुलगा म्हणाला, “आबा, आम्हीही प्रोग्रॅममधील प्रत्येक बदल कोणी, केव्हा व का केला याची नोंद ठेवतो. ही तुमचीच पद्धत.”

तो असे म्हणाला आणि मला पुढे बोलवेना. कारण माझ्या हातून एक रेसाल्वा राहून गेला होता. आज तो आपणा सर्वांसमक्ष करतो.

पोर्तुगीज भाषेत जून म्हणजे ‘जुन्यु’ आणि जुलै म्हणजे ‘जुल्यु’. मधले एक अक्षर निराळे, आणि घाईच्या हस्ताक्षरात तेही एकसारखे. १९७२ साली मी एका कचेरीत नवखा कारकून होतो. एका तरुणाच्या जन्मनोंदीचा उतारा काढताना मी जुलैचा जून केला. नोकरीच्या अर्जासाठी १ जुलै रोजी पंचवीस वर्षे पूर्ण झालेली नसावीत अशी अट होती. खऱ्या तारखेने तो अटीत बसत होता, माझ्या उताऱ्याने अकरा-बारा दिवसांत नव्हे, तर थेट वयाबाहेर गेला. तो कचेरीत येऊन म्हणाला, “आई सांगते, पावसाने चांगला जोर धरल्यावरचा माझा जन्म.” मी बाड न उघडताच उत्तर दिले, “लिहिले आहे ते लिहिले आहे.” दोन वर्षांनी त्याच पानावरील दुसरी नोंद काढताना माझी दृष्टी तिथे गेली व मला चूक दिसली. उताऱ्यावर साहेबांची सही होती, माझी नोकरी कायम व्हावयाची होती. मी बाड मिटले.

तो गृहस्थ आज हयात नाही. निवडणुकीच्या यादीचा प्रकार झाल्यानंतर मी त्याच्या मुलाचे घर शोधून गेलो व सर्व सांगितले. त्याने मला बसविले, चहा दिला. मग एवढेच विचारले, “तेव्हाच का नाही सांगितलेत?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. पंचविशीतल्या मुलाने जे एका रात्रीत केले, ते करावयास मला सारी हयात लागली.

विद्यार्थिमित्रांनो, आता तर काय हवे ते साध्या भाषेत सांगितले की यंत्रच प्रोग्रॅम लिहून देते. मग आमचे काय, या चिंतेत पुष्कळ तरुण आहेत, आमचा मुलगाही आहे. यावर मी काय सांगणार? पण तोच सांगतो, की यंत्राने लिहिलेले वाचून त्यातील चूक ओळखणारा आणि त्याखाली आपली सही करणारा माणूस लागतोच. आजोबा-नातवाचे नाव एक असते हे ज्याला आपल्या घरातून ठाऊक आहे, तोच ती आज्ञा वाचताना थबकेल. म्हणून परगावी राहिलात तरी घराशी, जत्रेशी, वडीलधाऱ्यांशी संबंध तोडू नका. तुमच्या कामालाही त्याचा उपयोग आहे.

पालकांनाही विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी सुटीवर आली म्हणजे पगार किती, हे आपण पहिल्याने विचारतो. त्याऐवजी कधी विचारावे, या वर्षी कामात काय चुकले आणि ते कोणाला सांगितलेस? रागावू नये, ऐकून घ्यावे. घरी चूक सांगण्याची सवय लागली तर कचेरीतही ती टिकते.

शेवटी समितीला एक सूचना. कातालॉगाच्या संगणकाशेजारी एक साधी बांधीव वही ठेवावी. झालेली चूक, तिचे कारण, दुरुस्तीची तारीख व करणाऱ्याची सही तीत असावी. त्या वहीचे पहिले पान अकरा महाजनांच्या नोंदीने आमच्या मुलाने लिहिलेच आहे.

 या सर्व मुलांना उदंड विद्या व ती निभावून नेण्याचे धैर्य मिळो, अशी श्रींच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.