वेदनाशामक गोळीचें शरीरांतील रूपांतर

हिंगोली जिल्ह्यांतील आखाडा बाळापूर व त्याच्या आसपासचा मुलूख हळदीच्या पिकासाठीं ओळखला जातो. फाल्गुनाच्या सुमारास हळद काढणें, शिजविणें व वाळविणें हीं कामें सुरू झालीं म्हणजे कष्टकऱ्यांची पाठ दिवसभर वांकलेली असते. संध्याकाळीं अंग ठणकूं लागतें आणि पुष्कळांचा हात गोळीकडे जातो. ही गोळी बहुधा पॅरासिटामॉलची असते. शहरांतील घरांतही डोकें दुखलें, अंगांत कणकण आली, कीं हीच गोळी प्रथम बाहेर निघते. गोळी दुखऱ्या जागीं जाते आणि तेथील दुखणें मारते, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुस्थिति मात्र निराळी आहे. पुष्कळ वेळां गिळलेलें औषध हा केवळ कच्चा माल असतो. खरें कार्य शरीरानें त्याचें केलेलें रूपांतर करतें.

वेदना ही केवळ जखमेंत नसते. बोटांत कांटा रुतला कीं त्याची वर्दी मज्जातंतूंवरून मज्जारज्जूंत व तेथून मेंदूंत पोंचते, आणि मगच मनुष्यास दुखल्याची जाणीव होते. या वाटेवरील पेशींच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिनें बसविलेलीं असतात. त्यांस ‘ग्राही’ म्हणतात. कुलपांत जशी ठराविक किल्लीच फिरते, तसा प्रत्येक ग्राहीस ठराविक घडणीचा पदार्थच लागू पडतो. म्हणून औषधाच्या घडणींत यकृतानें अथवा मेंदूनें थोडासा फरक केला, तरी जी किल्ली लागत नव्हती ती लागूं शकते.

याचें पहिलें ठळक उदाहरण पॅरासिटामॉलच्याच इतिहासांत सांपडतें. १८८६ सालीं स्ट्रासबर्ग येथें काह्न व हेप या दोघां डॉक्टरांनीं अ‍ॅसिटॅनिलाइड हें औषध तापावर प्रचारांत आणलें. त्यानें ताप उतरे व दुखणें थांबे. परंतु कांहीं रोग्यांचे ओठ निळे पडत, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति कमी होई. १९४८ सालीं अमेरिकेंत ब्रॉडी व अ‍ॅक्सेलरॉड यांनीं याचा उलगडा केला. शरीरांत या औषधाचे दोन फांटे होतात. एक विषारी अ‍ॅनिलिनकडे जातो व दुसरा पॅरासिटामॉलकडे. गुण दुसऱ्याचा आणि अपाय पहिल्याचा! तेव्हां पॅरासिटामॉल हें मूळचें एका औषधाचें रूपांतरच होय.

पण या रूपांतराचेंही पुढें रूपांतर होतें. यकृतांत पॅरासिटामॉलच्या अल्प अंशाचें पॅरा-अ‍ॅमिनोफेनॉल बनतें. तें मेंदूंत पोंचल्यावर तेथील एका स्निग्धाम्लाशीं जोडलें जातें आणि ‘ए-एम ४०४’ हा नवा पदार्थ तयार होतो. स्वीडनमधील लुंड येथील हॉगेस्टॅट, झिग्मुंट व त्यांचे सहकारी यांनीं हें २००५ सालीं प्राण्यांवरील प्रयोगांवरून दाखविलें. पुढें मनुष्याच्या मेंदू-मज्जारज्जूभोंवतींच्या द्रवांतही तो पदार्थ आढळला.

हा पदार्थ ज्या ग्राहीस लागू पडतो, तो प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचा आहे. मिरची कुटतांना हातांची आग होते, तेव्हां कातडी खरोखर भाजत नसते. मिरचींतील कॅप्सेसिन हा पदार्थ उष्णतेची वर्दी देणाऱ्या ग्राहीस जाऊन बिलगतो. या ग्राहीचा शोध डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनें १९९७ सालीं लावला, व २०२१ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा अर्धा मान मिळाला. हाच ग्राही मेंदूंतही आहे. कातडींत तो जागा झाला तर आग होते. मेंदूंत जागा झाला तर मज्जारज्जूकडे उतरणारे मार्ग चेतविले जातात आणि वर येणारी वेदनेची वर्दी वेशीवरच अडविली जाते. ज्या उंदरांत हा ग्राही नव्हता, त्यांस पॅरासिटामॉलनें उतार पडला नाहीं. शिवाय मज्जातंतूंच्या टोंकांशींही हा पदार्थ तयार होऊन वर्दीचें मूळच दाबतो, असें २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या जेरुसलेम येथील संशोधनांत दिसून आलें.

अफूच्या वर्गांतील कोडीनची गोष्ट याहून गंभीर आहे. कोडीन स्वतः वेदनेच्या ग्राहीस फारसें लागू पडत नाहीं. यकृतांत त्याच्या थोड्या भागाचें मॉर्फीन होतें, तेंच काम करतें. हें रूपांतर घडविणारें यकृतांतील प्रथिन मात्र सर्वांत सारखें नसतें. एकास त्याच मात्रेनें कांहींच गुण येत नाहीं, तर दुसऱ्याच्या शरीरांत मॉर्फीन इतक्या वेगानें बनतें कीं श्वास मंदावतो. पूर्वीं मुंबईंतील गिरणीकामगार स्त्रिया कामावर जातांना तान्ह्या मुलांस अफूची बाळगोळी देत. तींतही हाच श्वासाचा धोका होता. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्यानें २०१७ सालीं बारा वर्षांखालील मुलांस कोडीन देऊं नये असा इशारा दिला, तो याचमुळें. एका मुलास मानवलेलें औषध दुसऱ्यास परस्पर पाजणें म्हणूनच धोक्याचें.

पॅरासिटामॉलचेंही एक रूपांतर घातक आहे. यकृतांत त्याच्या लहानशा भागापासून एक विषारी पदार्थ बनतो. ग्लुटाथायोन हें शरीरांतील द्रव्य त्याचें निवारण करतें. पण मात्रा फार झाली कीं हा सांठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरूं लागतात. निरोगी प्रौढासाठीं चोवीस तासांत चार ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही अखेरची मर्यादा आहे; यकृताचा विकार असलेल्यांस, मद्य घेणाऱ्यांस व अशक्त माणसांस त्याहून कमीच. सर्दीच्या अनेक औषधांतही पॅरासिटामॉल असतें. त्यामुळें दोन निरनिराळीं औषधें घेतांना मात्रा नकळत दुप्पट होते. शिवाय हें विष प्रथम फसवें असतें. पहिल्या दिवशीं थोडी मळमळ, फार तर वांती, आणि यकृताचा नाश मागाहून उघड होतो. यावर अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, व तो पहिल्या आठ तासांत दिल्यास उत्तम गुण देतो. म्हणून मात्रा चुकल्याचें कळतांच, लक्षणांची वाट न पाहतां रोग्यास दवाखान्यांत न्यावें.

श्रोत्यांनीं आज रात्रीं घरांतील औषधांचा डबा उघडून प्रत्येक वेष्टनावरील द्रव्यांचीं नांवें एकदां वाचून पाहावींत. एकच नांव दोन ठिकाणीं आढळलें, तर त्या दोन गोळ्या एका वेळीं कोणाच्याही हातीं पडणार नाहींत अशी व्यवस्था करावी.