काडतुसाची पारख : नेमबाजीचा खेळ, त्याचे गणित आणि आपली जबाबदारी

(ग्रामस्थ, शासकीय कर्मचारी व शिक्षक यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



२०२३ साली सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात भरल्या. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकर हिने पिस्तुलाच्या नेमबाजीत, तर कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने रायफलच्या नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून खेड्यापाड्यांतील मुलामुलींच्या तोंडी या खेळाची भाषा आली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याबरोबरच दोन गैरसमजही पसरत आहेत. काडतूस जितके जोरकस तितका नेम चांगला, हा पहिला; आणि परदेशातील नेमबाज जशी घरी काडतुसे भरतात तशी ती आपणही भरावीत, हा दुसरा. आजच्या भाषणात या दोहोंचा विचार करावयाचा आहे.

प्रथम काडतूस म्हणजे काय ते पाहू. त्याचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, आत भरलेली धूरविरहित दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की घोड्याची सुई टोपीवर आदळते, टोपीतील ठिणगीने दारू पेटते, तिच्या वायूचा दाब वाढतो आणि गोळी नळीतून बाहेर फेकली जाते. पुंगळी मात्र मागे उरते. ती शाबूत असेल तर पुन्हा वापरता येते. टोपी नवी, दारू नवी, गोळी नवी आणि पुंगळी जुनी, असे जे काडतूस माणूस स्वतः तयार करतो, ते हाताने भरलेले काडतूस होय.

ही पद्धत अमेरिकेत विशेष रुजली, आणि तेथे व्यवहारोपयोगी नेमबाजी, म्हणजे प्रॅक्टिकल शूटिंग, नावाचा खेळ वाढला. जेफ कूपर हे त्याचे एक आद्य प्रवर्तक. १९७६ साली मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली व कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. ऑलिंपिकमधील पिस्तूलधारी एका जागी उभा राहून एका हाताने नेम धरतो. येथे मात्र स्पर्धक धावतो, आडोशामागून वळतो, कागदाची व पोलादाची अनेक लक्ष्ये टिपतो आणि त्याची प्रत्येक सेकंद मोजली जाते. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागावयाचे, हा त्याचा हिशेब. एकाने १० सेकंदांत ५६ गुण मिळवले तर त्याचा भागाकार ५.६, दुसऱ्याने १२ सेकंदांत पुरे ६० मिळवले तरी त्याचा भागाकार ५ च. अचूकता, जोर आणि वेग या तिन्हींचा मेळ घालणे हे या खेळाचे ब्रीद आहे.

आता काडतुसाच्या निवडीकडे येऊ. सर्वांनी हलक्या जोराचीच काडतुसे वापरली तर जोराला अर्थ उरणार नाही, म्हणून संघटनेने एक मोजमाप ठरवले. गोळीचे वजन ग्रेन या मापात घ्यावयाचे, तिचा वेग दर सेकंदास किती फूट तो घ्यावयाचा, दोहोंचा गुणाकार करून हजाराने भागावयाचे. येणाऱ्या आकड्यास शक्तिगुणक म्हणू. एक ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन. हा गुणक किमान १२५ असला पाहिजे. स्पर्धेच्या ठिकाणी स्पर्धकाची काडतुसे काढून घेऊन वेगमापक यंत्रासमोर झाडली जातात. आकडा १२५ च्या खाली गेला तर स्पर्धकाला खेळता येते, परंतु गुण मिळत नाहीत. याहून पुष्कळ वरची एक मोठी श्रेणीही आहे. लक्ष्याच्या मधल्या भागाला दोन्ही श्रेणींत ५ गुणच मिळतात. पण बाजूच्या भागांना मोठ्या श्रेणीत ४ व २, तर लहान श्रेणीत ३ व १ असे गुण मिळतात. म्हणजे जोरकस काडतुसाला थोडी चूक माफ आहे. पण त्याचा धक्का मोठा, आणि धक्का मोठा की दुसरा नेम उशिरा लागतो. ज्या गटात सर्वांना लहान श्रेणीचेच गुण दिले जातात, तेथे तर जास्त जोर घेऊन पदरात काहीच पडत नाही.

९ मिलिमीटर पिस्तुलाचे उदाहरण घ्या. ११५ ग्रेनची गोळी ११३५ फूट वेगाने गेली तर गुणक १३०.५ येतो. १२४ ग्रेनची १०५० फुटांनी गेली तर १३०.२, आणि १४७ ग्रेनची ८९० फुटांनी गेली तर १३०.८. तिन्ही काडतुसे नियमात बसतात, तिन्हींचा आकडा जवळजवळ एकच. तरी हाताला ती वेगळी जाणवतात. जड गोळी मंद गतीने पाठवावयास दारू सहसा कमी लागते, म्हणून तिचा धक्का अनेकांना मऊ वाटतो. हलकी गोळी तडक झटका देते. कोणती बरी, याचे उत्तर पुस्तकात नाही. ते त्या माणसाच्या मनगटात आणि त्या पिस्तुलाच्या यंत्रणेत आहे.

मग जाणता नेमबाज काय पाहतो? पहिली कसोटी विश्वासाची. काडतूस आपल्या पिस्तुलात दर वेळी बिनचूक बसले, उडाले आणि पुंगळी बाहेर पडली पाहिजे. वरच्या उदाहरणातील ५६ गुणांच्या स्पर्धकाचे पिस्तूल एकदा अडकले आणि ३ सेकंद गेले, तर ५.६ चा भागाकार ४.३ वर येतो. दुसरी कसोटी गुणकाची. नेमका १२५ चा आकडा गाठून समाधान मानणारा फसतो, कारण हवामान बदलले की वेग बदलतो आणि प्रत्येक काडतूस हुबेहूब सारखे नसते. म्हणून सरासरी थोडी वर ठेवतात आणि सरासरीइतकेच लक्ष कमीजास्तपणावर देतात. तिसरी कसोटी अचूकतेची, चौथी धक्क्याची. क्रम हाच ठेवावा लागतो. सर्वांत मऊ काडतूस शोधू जाणारा अनेकदा पहिल्या दोन कसोट्या विसरतो आणि भर स्पर्धेत त्याचे पोलादी लक्ष्य गोळी लागूनही उभेच राहते.

आता या कामातील धोक्याविषयी बोलतो. पिस्तुलाच्या पुंगळीत लागणारी दारू इतकी थोडी असते की अनेकदा अर्धी पुंगळीही भरत नाही. लक्ष विचलित होऊन तीच दारू दुसऱ्यांदा पडली तरी बाहेरून काही कळत नाही. अशा काडतुसाने पिस्तूल हातात फुटू शकते. उलट दारू पडायचीच राहिली तर केवळ टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते आणि मागून दुसरी गोळी आली की नळी फुटण्याचा धोका असतो. म्हणून पोकळ, दबका आवाज आला की तत्क्षणी थांबावयाचे, हा जगभरच्या मैदानांवरचा नियम आहे. गोळी ठरल्यापेक्षा थोडी आत दबली तरी दाब वाढतो. दोन जातींची दारू दिसावयास सारखी असते, पण जळण्याचा वेग निराळा. त्यात शिशाची धूळ. ती हातांवरून पोटात जाते आणि मुलांना तिचा अपाय अधिक होतो. म्हणून अनुभवी माणसे दारू बनवणाऱ्या कारखान्याने छापलेल्या कोष्टकाबाहेर जात नाहीत, एका वेळी एकच दारू मेजावर ठेवतात, प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहतात आणि दुसऱ्याने भरलेले काडतूस, तो कितीही जवळचा मित्र असला तरी, आपल्या पिस्तुलात घालत नाहीत.

एवढी शिस्त जेथे मुरलेली आहे तेथेही अपघात होतात. आपल्याकडे तर कायद्याची वाटच निराळी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे विनापरवाना दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश त्या कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत होतो. ज्या ९ मिलिमीटर पिस्तुलाचे उदाहरण मी दिले, ते आपल्या देशात निषिद्ध बोअरमध्ये मोडते व सामान्य नागरिकास परवान्यावर मिळत नाही. तेव्हा परदेशातील चित्रफीत पाहून घरी उद्योग आरंभणे म्हणजे जीव आणि स्वातंत्र्य दोन्ही पणाला लावणे होय.

मग आपल्या होतकरू नेमबाजाने काडतुसाची निवड करावयाची ती कशी? त्याला मार्ग आहे आणि तो सन्मानाचा आहे. ऑलिंपिकमधील २५ मीटर पिस्तूल स्पर्धा ०.२२ इंची काडतुसावर चालते. त्याचे स्फोटक द्रव्य पुंगळीच्या बुडाच्या कडेत असते, म्हणून ते घरी पुन्हा भरण्याची सोयच नाही. तेथे नेमबाज कारखान्याच्या निरनिराळ्या खेपांतील काडतुसे आपल्या नळीतून झाडून पाहतो आणि जी खेप सर्वांत जवळजवळ छिद्रे पाडते ती राखून ठेवतो. २०१२ साली लंडन येथे विजय कुमार याने २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवले. २०१८ च्या आशियाई स्पर्धांत कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. हाताने भरलेल्या काडतुसावाचून कोणाचे अडले नाही. पारख तीच, शिस्त तीच; फक्त भरण्याचे काम कारखान्याचे आणि निवडीचे काम आपले.

शेवटी तिघांना तीन विनंत्या करतो. शिक्षकांनी मुलांना १० मीटर एअर पिस्तुलापासून आणि जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच सुरुवात करू द्यावी. तेथील दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे असते; तेथे जोर नव्हे, श्वास आणि मन लागते. शेतात वा ओढ्याकाठी एखादे जिवंत काडतूस सापडले तर ते न ठोकता, न उघडता, जागच्या जागी ठेवून पोलिसांना कळवावे, हे त्यांनी वर्गात सांगून ठेवावे. ज्या ग्रामस्थांकडे पीकरक्षणाची परवान्याची बंदूक आहे, त्यांनी पावसाळ्यात ओल लागलेली, हिरवट पडलेली किंवा कोणी तरी भरून दिलेली काडतुसे वापरू नयेत. डुकराने नासलेले भात पुढल्या हंगामात पुन्हा उगवेल, फुटलेल्या नळीने गेलेला डोळा परत येणार नाही. अधिकारी बंधूंनी परवान्याचा कागद देताना तो केवळ कागद समजू नये. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. तिचा आशय अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून देणे हेही आपले कामच आहे.

काडतूस बोटाएवढे असते, पण ते एकदा सुटले की परत बोलावता येत नाही. म्हणून त्याची पारख चाप ओढण्यापूर्वी करावयाची असते. आपल्या गावातून उद्याचा नेमबाज निघावा, आणि तो दोन्ही डोळे व दहाही बोटे शाबूत ठेवून पदक घेऊन यावा, अशी सदिच्छा व्यक्त करतो आणि माझे भाषण पुरे करतो.